झाडाची दाढी आमच्या कुळागरात का जगली नाही?

कुळागरकन्या | ९ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, आमचं कुळागर सावईवेऱ्याला आहे. पोफळी, माड, मिरवेल, जायफळ, केळी, सगळं एकात एक. पाणी बारमाही आणि सावली दाट. पावसात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, कोनाड्यातल्या चपलांवरसुद्धा हिरवं धरतं. म्हणजे ओलाव्याला आमच्याकडे काही तोटा नाही.

मे महिन्यात आम्ही उत्तराखंडात चोपता-तुंगनाथला गेलो होतो. त्या वाटेवरच्या जुन्या झाडांच्या फांद्यांवरून फिकट हिरवट राखाडी केसांचे झुपके लोंबत होते. काही वीतभर, काही चांगले हातभर. वारा आला की सगळं रान एकदम हलायचं. मी तिथेच उभी राहिले, बाकीचे पुढे निघून गेले तरी मला भान नव्हतं. वाटाड्या म्हणाला, "ये झूला है." हीच ती झाडाची दाढी.

वाऱ्याने पडलेला एक झुपका वाटेवर मिळाला. कागदात गुंडाळून घरी आणला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या आंब्याच्या आडव्या फांदीला सुंभाने बांधला. पहिल्या पावसात तो मऊ झाला, थोडा हिरवाही झाला. मला वाटलं, धरला. जुलैच्या मध्यापर्यंत टोकं तपकिरी पडली, मग सगळा बुळबुळीत झाला. आता सुंभ तेवढा उरलाय. रोज सकाळी जाऊन बघत होते, त्यामुळे फार वाईट वाटलं.

प्रश्न दोन. पाऊस आपल्याकडे एवढा पडतो, तरी तो जगला का नाही? आणि गोव्यात असं लोंबणारं कुणी कुठे पाहिलंय का? चोर्ला, मोले, नेत्रावळी, कुठेही?


म्हापसेकर७२ | ९ ऑगस्ट, रात्री १०:१५

अहो ताई, माझ्या गॅलरीत हेच लोंबतंय तीन वर्षं! नर्सरीतून आणलं होतं. विकणाऱ्याने नावसुद्धा 'म्हाताऱ्याची दाढी' असंच सांगितलं. रोज पाणी मारतो, छान वाढतंय, आता माझ्या कमरेपर्यंत आलंय. तुम्हाला हवं तर एक जुडी देतो. म्हापशात आलात तर कळवा.


गवतफुला | ९ ऑगस्ट, रात्री १०:२२

फोटो टाका ना दोघांनीही.


रानवाटा | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

म्हापसेकर काका, तुमच्याकडचं ते वेगळं. नर्सरीत मिळतं त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात. नावात मॉस असलं तरी ते मॉसही नाही आणि शैवाकही (लायकेन) नाही. ती चक्क अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, अमेरिकेच्या उष्ण भागातली. तिला बारीक फुलं येतात. हात लावून बघा, पानांवर रुपेरी खवले जाणवतील, त्यांनी ती हवेतलं पाणी पिते. कुळागरकन्येने पाहिली ती उस्निया, म्हणजे शैवाक. गंमत म्हणजे स्पॅनिश मॉसच्या शास्त्रीय नावात 'उस्निऑइडिस' असा शब्द आहे, त्याचा अर्थच 'उस्नियासारखी'. नाव देणाऱ्यांनाही दोघींत साम्य दिसलं होतं.


म्हापसेकर७२ | १० ऑगस्ट, सकाळी ७:३१

अननस! आता रोज बघेन तेव्हा तेच आठवणार. देव बरें करूं, रानवाटा. तरी जुडीचं आमंत्रण कायम आहे हो.


डोंगरयात्री | १० ऑगस्ट, दुपारी १:१८

मी मूळचा डिचोलीचा, नोकरीसाठी अकरा वर्षं देहरादूनला. कुळागरकन्या, रागावू नका, पण तो झुपका उचलायला नको होता. चोपता-तुंगनाथचा परिसर केदारनाथ अभयारण्यात येतो. ते १९७२ साली कस्तुरीमृगासाठी राखलं गेलं. बर्फात जमिनीवरचं गवत झाकलं जातं तेव्हा कस्तुरीमृग हीच झाडाची दाढी खातो. वाऱ्याने पडलेला झुपका आपल्याला कचरा वाटतो, त्याच्यासाठी ते थंडीतलं ताट असतं.

शिवाय इकडे या झूल्याचा मोठा व्यापार आहे. डोंगरातल्या बाया जंगलातून पाठुंगळीला भरून आणतात, तो पोत्यांनी मैदानात जातो, मसाल्यात, हवनसामग्रीत. कनौजला हिना अत्तर करतात त्यातही 'छडीला' नावाची वस्तू पडते, तेही शैवाकच. गोळा करणाऱ्यांचं पोट त्यावर आहे, त्यांना मी दोष देत नाही. पण पोतंभर झूला निघतो म्हणजे किती वर्षांची वाढ निघते याचा विचार केला की अंगावर येतं.


कुळागरकन्या | १० ऑगस्ट, दुपारी ३:०२

दादा, तुमचं बरोबर आहे. अभयारण्याची पाटी मी वाचली होती, पण 'पडलेलं तर आहे' असं मनाला समजावलं. कस्तुरीमृगाचं माहीत नव्हतं. पुन्हा नाही उचलणार.


निवृत्त_मास्तर | १० ऑगस्ट, रात्री ८:५०

मडगावच्या बाजूला तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून सविस्तर लिहितो. लांब होईल, सांभाळून घ्या.

शैवाक हा एक जीव नाही, संसार आहे. बुरशी घर बांधते आणि तिच्या धाग्यांत एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल उन्हात अन्न करतं, बुरशी त्याला आडोसा आणि ओल देते. हे दोन जीव आहेत असं स्वित्झर्लंडचे सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडलं, तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांनी त्यांना उडवून लावलं होतं. २०१६ साली तर असं दिसलं की उस्नियासारख्याच लोंबणाऱ्या काही शैवाकांच्या सालीत यीस्टचे पेशीही असतात. संसारात तिसरं माणूस निघालं.

आता बायचा प्रश्न. या दाढीला मूळ नाही, झाडाकडून ती काही घेत नाही. पाणी, क्षार, सगळं हवेतून. आणि तिला स्वतःचं पाणी राखता येत नाही. हवा ओली की ती ओली, हवा कोरडी की ती कोरडी. कोरडी असताना ती झोपलेली असते, मेलेली नाही. ओली झाली की जागी होते. तिच्यातलं हिरवं शैवाल नुसत्या दमट हवेने, पावसाचा थेंब न पडतासुद्धा, कामाला लागू शकतं. म्हणून तिला धुकं आवडतं.

जागी झाली की दोन्ही गोष्टी सुरू होतात, उजेड असेल तर कमाई आणि अहोरात्र श्वसन म्हणजे खर्च. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं. हिमालयात अडीच हजार मीटरवर रात्र थंड, रात्रीचा खर्च थोडा. सकाळी धुक्यात अंग ओलं, वरून उजेड, कमाई चांगली. दुपारी वाळून झोप. असा दिनक्रम.

सावईवेऱ्याला जुलैत काय होतं? रात्रीही पारा २४ अंशांच्या आसपास, आणि अंग सतत ओलं. म्हणजे रात्रभर खर्च जोरात. दिवसा आभाळ भरलेलं, त्यात कुळागराची दाट सावली, म्हणजे कमाई नाममात्र. त्यात आणखी एक. अंग पाण्याने गच्च भरलं की आत कर्बवायू शिरायलाच वाट राहत नाही, त्यामुळे उजेड असला तरी अन्न होत नाही. उष्ण सखल रानांत मोठी शैवाकं कमी का असतात, याचं शास्त्रज्ञ देतात ते मुख्य स्पष्टीकरण हेच. बाय, तुमची दाढी पाण्याविना मेली नाही. ती ओल्या उबेत उपाशी मेली.


गवतफुला | १० ऑगस्ट, रात्री ९:१४

मास्तर, 'ओल्या उबेत उपाशी'. हे वाक्य डोक्यातून जाणार नाही आता.


साखरपाणी | १० ऑगस्ट, रात्री ९:२०

+१. वाचनखूण साठवली.


बागायतदार_सत्तरी | ११ ऑगस्ट, सकाळी ६:१०

मला मास्तरांचं सगळं पटलं, एक सोडून. 'झाडाकडून ती काही घेत नाही' हे पटत नाही. आमच्या वाळपईकडच्या बागेत पोफळींच्या खोडांवर पांढरे हिरवट डाग वाढतात. जी पोफळ रोडावते तिच्यावर ते जास्त. माझे वडील दर उन्हाळ्यात ते काथ्याने घासून काढत. घासलं की झाड स्वच्छ दिसतं, जोर धरतं. पन्नास वर्षांच्या अनुभवाला काही अर्थ आहे की नाही?


निवृत्त_मास्तर | ११ ऑगस्ट, सकाळी ८:४५

बागायतदार भाऊ, अनुभवाला अर्थ आहेच. पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला, ते तपासू या. पोफळ रोडावली की तिचा शेंडा विरळ होतो, खोडावर ऊन पडतं, आणि ऊन मिळालं की शैवाक वाढतं. म्हणजे झाड आजारी म्हणून डाग जास्त, डागांमुळे झाड आजारी असं नव्हे. खरं रक्त पिणारं म्हणजे बांडगूळ. आंब्याच्या फांदीत ते मूळ घालून पाणी आणि क्षार ओढतं, ते काढलंच पाहिजे. शैवाक सालीच्या वरच बसतं.


बागायतदार_सत्तरी | ११ ऑगस्ट, सकाळी ९:३०

उन्हाचं मी कधी असं बघितलं नव्हतं. या वर्षी एका ओळीत घासतो, एका ओळीत तसंच ठेवतो. बघू.

आणखी एक सांगतो. कोळेरोगासाठी आम्ही पावसाआधी घोसांवर बोर्डो मिश्रण मारतो. ओघळ खोडावर येतो. जिथे ओघळ येतो तिथे डाग कमी असतात, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.


निवृत्त_मास्तर | ११ ऑगस्ट, सकाळी १०:०२

त्यात मोरचूद आहे, म्हणजे तांबं. तांबं बुरशीलाही मारक आणि शैवालालाही. शैवाकात दोघंही आहेत. तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे.


पेडणेकर_ऋता | ११ ऑगस्ट, दुपारी १२:४०

अवांतर: म्हणजे आपण शाकुतीत घालतो ते दगडफूल हेच ना? आमच्या आजी ते तेलात हलकं परतून मगच वाटणात घालायच्या. कच्चं हुंगलं तर धुळीचा वास, परतल्यावर मात्र घरभर दरवळ. लहानपणी मला ते झाडाची वाळलेली साल वाटायचं.


रानवाटा | ११ ऑगस्ट, दुपारी १:१०

हो, भावंडच. दगडफूल पसरट पानासारखं असतं, वरून राखी, खालून काळं. उस्निया केसासारखी. दोन्ही शैवाकच. नाव दगडफूल असलं तरी बाजारातलं बरंचसं झाडांवरूनच येतं.


पेडणेकर_ऋता | ११ ऑगस्ट, दुपारी १:१६

आता आजींना सांगते की तुम्ही आम्हाला बुरशी आणि शेवाळ खायला घालत होता :)


आजींचा_नातू | ११ ऑगस्ट, दुपारी १:२५

त्या म्हणतील, मग पुढच्या रविवारी जेवायला येऊ नको!


आरोग्यधन | १२ ऑगस्ट, सकाळी १०:३३

या दाढीत औषधी गुण असतात असं वाचलंय. काढा करून घेतला तर चालेल का? मधुमेहासाठी?


रानवाटा | १२ ऑगस्ट, सकाळी १०:५८

कृपया घेऊ नका. उस्नियात उस्निक आम्ल असतं. ते जिवाणूंना मारतं हे खरं, जुन्या काळी जखमेवर ही दाढी बांधत असत. पण पोटात घेतल्यावर ते यकृताला घातक ठरू शकतं. वजन कमी करायच्या एका गोळीत हे आम्ल होतं, ती घेणाऱ्यांची यकृतं निकामी व्हायला लागली तेव्हा २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोकांना सावध केलं. मधुमेहासाठी डॉक्टरांकडेच जा.


आरोग्यधन | १२ ऑगस्ट, सकाळी ११:०५

बरं झालं विचारलं. धन्यवाद.


खाणीकाठचा | १२ ऑगस्ट, रात्री ९:३०

मला वाटतं, खरं कारण तापमान नाही, हवा आहे. आमचं घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. लहानपणापासून झाडांची पानं हिरवी असतात हे मी फक्त पावसाळ्यात पाहिलं. बाकी आठ महिने आंबा तांबडा, फणस तांबडा, अंगणात वाळत घातलेले कपडे तांबडे. आई दिवसातून तीनदा सोपो झाडायची. तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि ट्रक थांबले. त्यानंतर तीन-चार पावसांनी आमच्या फणसाच्या खोडावर मी पहिल्यांदा राखी हिरवे ठिपके पाहिले. तोवर ते खोड असं असतं हेच मला माहीत नव्हतं.

ट्रक थांबले तेव्हा घरात पैसेही थांबले, तेही सांगायला हवं. भाऊ ट्रकवरच होता. पण फणसावरचे ते ठिपके मी अजून रोज बघतो.


निवृत्त_मास्तर | १३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आईंबद्दल वाचून वाईट वाटलं.

हवेचा मुद्दा अगदी महत्त्वाचा आहे. शैवाकाला पानांसारखा मेणाचा थर नसतो. हवेत जे असेल ते सगळं आत शिरतं. पॅरिसच्या बागेतली शैवाकं धुरामुळे नाहीशी होताहेत हे विल्यम नायलँडर यांनी १८६६ सालीच नोंदवलं होतं. कोळशाच्या धुरातला गंधकवायू सगळ्यात वाईट, आणि लोंबणाऱ्या जाती सगळ्यांत आधी जातात, कारण त्यांचं सगळं अंग हवेत उघडं असतं. इंग्लंडात १९७० साली तर कुठली शैवाकं उरली आहेत ते पाहून हवेतला गंधक मोजायची पट्टीच तयार झाली.

पण सावईवेऱ्याच्या कुळागरात दाढी नसण्याचं कारण धूळ नव्हे. तिथली हवा स्वच्छ आहे, तरी ती जगली नाही. तुमच्याकडे धुळीने ठिपकेसुद्धा येऊ दिले नाहीत. कुळागरात ठिपके भरपूर आहेत, फक्त दाढी नाही. त्या दोन वेगळ्या अडचणी आहेत.


सह्याद्रीवेडी_पुणे | १३ ऑगस्ट, दुपारी ४:४०

पुण्याहून. मला वाटतं गोव्याचे लोक उगाच हिमालयाकडे बघताहेत. सह्याद्रीतही दाढी आहे! महाबळेश्वरला, साधारण चौदाशे मीटरवर, जुन्या जांभळी आणि गेळ्याच्या फांद्यांवर मी छोटे झुपके पाहिले आहेत. हातभर नाहीत, बोटभर. दक्षिणेकडे निलगिरीत, कोडाईकनालला तर चांगले वाढलेले. म्हणजे उंची मिळाली, धुकं मिळालं की येतेच.

आणि शैवाकांचा अभ्यास आपल्या दारात झालाय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखीजा यांनी वर्षानुवर्षं पश्चिम घाटातली शैवाकं गोळा करून ओळखली. ज्यांचं नाव संस्थेला आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे, म्हणजे तुमच्या शेजारचेच. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत देशातला मोठा संग्रह आहे, आणि भारतातल्या शैवाकांच्या अभ्यासाचा पाया लखनौ विद्यापीठाच्या धरणीधर अवस्थी यांनी घातला.


बागायतदार_सत्तरी | १३ ऑगस्ट, सायंकाळी ६:०५

महाबळेश्वर चौदाशे मीटर, ठीक. पण आमचा सोसोगडही हजाराच्या वर जातो. सुर्ला आणि चोर्ला आठशेच्या आसपास. डिसेंबरात पहाटे तिथे हात गारठतात आणि धुकं दरीतून वर येतं ते समोरचा माणूस दिसत नाही. मग तिथे का नसावी? गोवा म्हणजे समुद्रकिनारा एवढंच लोकांच्या डोक्यात असतं.


निवृत्त_मास्तर | १३ ऑगस्ट, रात्री ८:१०

भाऊ, तिथे असण्याची शक्यता मी मुळीच नाकारत नाही. शोधायचं असेल तर तिथेच, आणि दरीच्या कडेच्या झाडांवर. घनदाट रानात आत नव्हे, तिथे उजेड नाही.

मात्र एक सांगू? दाढी नाही म्हणून गोवा गरीब आहे असं कुणी समजू नये. आपली श्रीमंती लोंबणारी नाही, चिकटलेली आहे. पोफळीच्या, काजूच्या खोडावरचे पांढरे डाग भिंग लावून बघा. काहींवर काळ्या रेघोट्या दिसतील, वाकड्यातिकड्या, मोडी लिहिल्यासारख्या. त्या जातीचं नावच ग्राफिस, म्हणजे लिहिणारी. पावसात माडाच्या खोडावर आणि चिऱ्याच्या गडग्यावर भगवी मखमल दिसते, ती ट्रेंटेपोलिया. नातं तिचं हिरव्या शैवालांशीच, पण अंगातल्या गाजरासारख्या रंगामुळे भगवी दिसते. आपल्याकडच्या खूपशा चिकट्या शैवाकांत बुरशीबरोबर राहतं ते हेच शैवाल. सदाहरित रानात तर जुन्या पानांवरसुद्धा शैवाकं वाढतात, राखी नाण्यांसारखी.


रायवाली | १३ ऑगस्ट, रात्री ९:००

पानांवरची मी पाहिलीत! बांबरच्या निरंकाराच्या रायीत आम्ही दरवर्षी जातो. पाण्यात उभी असलेली रानजायफळाची झाडं, मुळं गुडघ्यासारखी वर आलेली. खालच्या झुडपांच्या पानांवर राखी गोल ठिपके होते. मला ती रोगट पानं वाटली. नखाने खरवडलं तर ठिपका निघाला आणि खाली पान हिरवंगार. आज कळलं काय होतं ते. देवाच्या रायीतलं पान तोडायचं नाही असा आमच्याकडे नेम आहे, म्हणून ते तसंच ठेवून आले.


पाखरू | १३ ऑगस्ट, रात्री ९:३५

थोडं अवांतर, पण जवळचं. छोट्या निखार पक्ष्याचं घरटं कुणी पाहिलंय? वाटीएवढंही नसतं. बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने शैवाकाचे आणि सालीचे तुकडे चिकटवतो. फांदीची गाठच वाटते. मी एकदा तासभर त्या फांदीखाली उभा होतो आणि शेवटी मादी येऊन बसली तेव्हा कळलं. आणि पोफळीवरचा उडता सरडा! खोडावर बसला की शैवाकाचा डाग कुठला आणि सरडा कुठला, सांगून दाखवा. गळ्याखालची पिवळी पताका उघडली की मगच कळतं.

काथ्याने घासणाऱ्या भाऊंना विनंती, एक ओळ सरड्यासाठी ठेवा.


बागायतदार_सत्तरी | १४ ऑगस्ट, सकाळी ६:२०

सरडा आमच्या बागेत आहे, भरपूर. ठेवतो. दोन ओळी ठेवतो.


कुळागरकन्या | १४ ऑगस्ट, रात्री १०:१०

किती शिकले या पाच दिवसांत. आज भिंग घेऊन कुळागरात फिरले. मोडीसारख्या रेघोट्या एका काजूवर सापडल्या! आईला बोलावून दाखवल्या. ती म्हणाली, चाळीस वर्षं या झाडाचे काजू काढतेय, एकदाही खोडाकडे बघितलं नाही.

एक विचारायचं राहिलं. चोर्ल्याला गेले आणि केसांसारखं काही दिसलं, तर ते उस्नियाच आहे हे कसं ओळखायचं?


रानवाटा | १५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

सोपी खूण आहे. खाली पडलेल्या फांदीवरचा एकच केस घ्या, तोही तिथेच सोडायचा, घरी आणायचा नाही. पाण्याने ओला करा आणि दोन्ही टोकांनी हळू ओढा. उस्निया असेल तर बाहेरची हिरवी साल तुटते आणि आत पांढरी लवचिक दोरी दिसते, रबरासारखी ताणली जाते. नुसता तुटला, दोरी निघाली नाही, तर ती उस्निया नव्हे. आणि केस गोल नसून चपट्या पट्टीसारखा, दोन्ही बाजूंनी सारखाच हिरवा असेल, तर रामालिना असण्याची शक्यता. तीही लोंबते, समुद्राकडच्या धुक्याच्या प्रदेशांत खूप. कॅलिफोर्नियाने तर जाळीदार लोंबणारी एक रामालिना आपलं राज्य-शैवाक म्हणून निवडली आहे, २०१६ पासून.


म्हापसेकर७२ | १५ ऑगस्ट, सकाळी ८:५०

राज्य-शैवाक! गोव्याचं कुठलं करायचं? माझं मत मोडी लिहिणाऱ्याला.


पेडणेकर_ऋता | १५ ऑगस्ट, सकाळी ९:०२

माझं दगडफुलाला. शाकुतीशिवाय गोवा नाही.


डोंगरयात्री | १५ ऑगस्ट, रात्री ११:२०

जाताना आणखी एक ध्यानात ठेवा. लांब लोंबणारी जी उस्निया आहे, लाँगिसिमा, ती मुख्यतः तुकड्यांनी पसरते. वाऱ्याने तुकडा तुटतो, शेजारच्या झाडाला अडकतो, तिथे वाढतो. तुकडा फार लांब जात नाही. म्हणून एकदा जुनं रान तोडलं की नवीन झाडं लावली तरी ती परत यायला पिढ्या जातात. इकडे मी जुनी ओकची रानं आणि लावलेली पाइनची रानं दोन्ही फिरलोय, फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. सोसोगडाच्या बाजूला शोधणार असाल तर सगळ्यात म्हातारं झाड आधी बघा.


(धागा चार महिने शांत होता.)


कुळागरकन्या | २८ डिसेंबर, सायंकाळी ७:४५

मंडळी, धागा वर काढतेय. काल पहाटे आम्ही चोर्ल्याला गेलो. मी, आई आणि बागायतदार भाऊ, ते वाळपईहून आले. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे आत रानात न शिरता दरीच्या कडेने चाललो. साडेसहाला धुकं वर येत होतं. केस, पापण्या, शाल, सगळं ओलं, आणि पाऊस मात्र थेंबभर नाही. तेव्हा मला 'नुसत्या दमट हवेने जागी होते' याचा अर्थ कळला.

तीन तासांत दगडफुलासारखी पसरट पुष्कळ दिसली. लोंबणारं काही नाही. आई थकली म्हणून एका वाकलेल्या जांभळीखाली बसलो, आणि तिच्याच पायाशी पडलेल्या काटकीवर ते होतं. माझ्या करंगळीच्या अर्ध्या पेराएवढं, फिकट हिरवं, दोन-तीन शेंडे खाली वळलेले. हात थरथरत होते. बाटलीतलं पाणी टाकलं, एक शेंडा ओढला.

दोरी निघाली नाही. चपटी पट्टी होती, दोन्ही बाजूंनी सारखी हिरवी.


रानवाटा | २८ डिसेंबर, रात्री ८:०५

रामालिना असावी! नक्की जात फोटोवरून सांगता येणार नाही, पण अभिनंदन! मोजपट्टीसह फोटो घेतला का?


कुळागरकन्या | २८ डिसेंबर, रात्री ८:२०

घेतला, उद्या टाकते. काटकी त्याच जांभळीच्या बेचक्यात, उजेडाकडे तोंड करून ठेवून आलो. आईनेच ठेवली.


निवृत्त_मास्तर | २८ डिसेंबर, रात्री ९:१०

बाय, जांभळीचं तोंड कुठल्या बाजूला होतं? आणि काटकी खालच्या फांदीची होती की शेंड्याकडची?


बागायतदार_सत्तरी | २९ डिसेंबर, सकाळी ६:०५

मी सांगतो मास्तर. झाड दरीवर वाकलेलं, पश्चिमेला. काटकी शेंड्याकडची असणार, खालच्या फांद्यांवर मी चढून बघितलं, काही नव्हतं. वर अजून असेल. फेब्रुवारीत पानं थोडी झडली की दुर्बीण घेऊन परत जाणार आहोत. तुम्ही येता का?


निवृत्त_मास्तर | २९ डिसेंबर, सकाळी ६:४०

गुडघ्यांना विचारतो आणि कळवतो. गाडी दरीच्या कडेपर्यंत जात असेल तर येतोच.